आधी हात, मग चमचा

दस्तरखान अंथरले गेले. सव्वा वर्षाचा चिमुकला दादीच्या मांडीवर बसला होता. त्याने अम्मीच्या हातातला चमचा हिसकावला, खिचडीत खुपसला आणि तोंडाशी नेता नेता उलटा केला. खिचडी दादीच्या कपड्यांवर सांडली. "अगं, तूच भरव ना! किती अन्न वाया घालवतोय!" दादी म्हणाल्या. अम्मीला मात्र वेगळीच काळजी. शेजारचे मूल नीट चमच्याने खाते, मग आपलेच मागे पडले की काय?

दोघींनीही थोडा धीर धरावा. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत वरचे अन्न सुरू होते, तेव्हा बाळ घास मुठीत धरते. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत भाताचे शीत उचलू लागते. चमचा धरण्याची तयारी या चिमटीतूनच होते. दीड वर्षाच्या आसपास मूल चमचा वापरून पाहते, दोन वर्षांपर्यंत बऱ्यापैकी खाऊ लागते आणि काट्याची सवय साधारण तिसऱ्या वर्षी होते. प्रत्येक मुलाची चाल वेगळी असते. दोन-चार महिने मागेपुढे झाले म्हणून घाबरू नये.

चमचा उलटतो, कारण तो सरळ ठेवण्यासाठी मनगट वळवावे लागते आणि ते जमायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला चमच्याला चिकटून राहतील असे पदार्थ द्या: घट्ट खिचडी, दहीभात, शिरा. चमचा आखूड, जाड दांड्याचा आणि बोथट कडांचा असावा. एक चमचा त्याच्या हातात, एक तुमच्या हातात, असे केले तर पोटही भरते आणि शिकणेही होते.

अन्न वाया जाण्याची दादींची चिंता योग्यच आहे. त्यावर उपाय म्हणजे वाटीत एका वेळी दोनच घास वाढा आणि खाली धुतलेले कापड अंथरा. पडलेला घास स्वच्छ करून खावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण मुलाला इथेच, कृतीतून देता येते.

उजव्या हाताचा प्रश्नही अनेक घरांत येतो. हजरत उमर बिन अबू सलमा (रजि.) लहानपणी प्रेषितांच्या छत्राखाली वाढत होते. जेवताना त्यांचा हात थाळीभर फिरे. प्रेषितांनी त्यांना अल्लाहचे नाव घेऊन, उजव्या हाताने आणि आपल्या समोरचे खायला शिकवले. पुढे आपण कायम तसेच जेवलो, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पण ते शिकवलेले समजण्याच्या वयाचे होते. वर्षभराचे बाळ दोन्ही हात वापरते. त्याच्या डाव्या हातावर चापट मारू नका. चमचा हळूच उजव्या हातात द्या, स्वतः 'बिस्मिल्लाह' म्हणून उजव्या हाताने जेवा. ते पाहून शिकेल.

मात्र काही गोष्टींकडे दुर्लक्ष नको. दीड वर्षाच्या आत मूल कायम एकच हात वापरत असेल, दुसरा मिटलेला ठेवत असेल, जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा दोन वर्षांचे होऊनही स्वतः घास तोंडात नेत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे देऊ नका. मासळीचे काटे आणि मटणाची हाडे नीट काढून घ्या. मूल जेवत असताना त्याला एकटे सोडू नका.

मोबाईल दाखवून घास कोंबला की ताट लवकर रिकामे होते, पण पोट भरल्याची जाणीव मुलाला होत नाही. स्वतः खाणारे मूल पुरे झाले की थांबते. हे थांबणे चमचा धरण्याइतकेच मोलाचे आहे.

आज संध्याकाळी दस्तरखानावर त्याचीही छोटी वाटी ठेवा. सांडेल तेवढे सांडू द्या. पुसायला पाच मिनिटे लागतील.