‘मोदक’ : गुबगुबीत देवनागरी
मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा शीर्षकांसाठी, म्हणजे मोठ्या आकारात मोजके शब्द मांडण्यासाठी, घडवलेला फाँट असून त्याची देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी आधी हाताने रेखाटून मग संगणकावर आणली. रेघा इतक्या जाड आहेत की अक्षराच्या पोटातील मोकळी जागा केसाएवढ्या फटीपुरती उरते, आणि जोडाक्षरे व मात्रा यांची दाटी असलेल्या लिपीत एवढ्याने वाचनीयता टिकवणे हेच या रचनेचे खरे कसब मानावे लागेल. बालपुस्तकांची मुखपृष्ठे, उत्सवांचे फलक, खाद्यपदार्थांची वेष्टने येथे तो शोभतो; मोदकाच्या पारीसाठी नावाजलेल्या मुळशीच्या आंबेमोहोर तांदळाच्या पिशवीवर तर तो विशेष खुलेल. सलग मजकुरासाठी मात्र तो निरुपयोगी आहे, कारण लहान आकारात त्या फटी बुजतात आणि ‘घ’ व ‘ध’ यांसारखी सारख्या वळणाची अक्षरे डोळ्यांना वेगळी काढता येत नाहीत. ‘ओपन फॉन्ट लायसन्स 1.1’ या मुक्त परवान्यामुळे तो व्यावसायिक कामातही विनामूल्य वापरता येतो. फक्त फाँटची स्वतंत्र विक्री करता येत नाही.