संगणकाच्या वीजपुरवठा संचाची पर्याप्तता : गणन व मापन

प्रस्तावना :
महाविद्यालयीन प्रयोगशाळेत खर्च वाचविण्यासाठी जुने कॅबिनेट व त्यातील वीजपुरवठा संच, म्हणजेच एसएमपीएस, तसाच ठेवून नवा मदरबोर्ड, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड बसविले जाते. पुढे संगणक भाराखाली अकस्मात बंद पडू लागला, तर दोष मेमरीचा किंवा व्हायरसचा मानला जातो. वस्तुतः अशा वेळी एसएमपीएसची क्षमता प्रथम तपासली पाहिजे. ती कशी तपासावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. लेबलवरील आकड्याचा अर्थ :
एसएमपीएस प्रामुख्याने ३.३, ५ व १२ व्होल्ट असे तीन दाब पुरवितो. लेबलवर ठळकपणे छापलेली वॅटसंख्या ही या सर्वांची एकत्रित मर्यादा होय. पूर्वी प्रोसेसरचा भार ५ व्होल्टवर असे. २००० साली पेंटियम ४ बरोबर १२ व्होल्टची स्वतंत्र चार पिनांची जोडणी आली आणि हा भार १२ व्होल्टकडे सरकला. आज प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात. म्हणून एकूण वॅटसंख्येपेक्षा १२ व्होल्टपुढील अँपिअरचा आकडा अधिक निर्णायक ठरतो.

२. गणन :
उदाहरणार्थ, इंटेल आय५-१२४०० या प्रोसेसरची मूळ शक्ती ६५ वॅट असली, तरी टर्बो अवस्थेत ती ११७ वॅटपर्यंत जाते. जीफोर्स आरटीएक्स ३०६० कार्डास १७० वॅट लागतात. पंखे व हार्ड डिस्क यांचे १५ वॅट धरल्यास बेरीज ३०२ वॅट, म्हणजेच १२ व्होल्टवर सुमारे २५ अँपिअर होते. आता एखाद्या जुन्या ४५० वॅटच्या संचावर १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर लिहिले आहे, असे समजा. त्यातून केवळ २१६ वॅट मिळतील. अर्थात नाव ४५० वॅटचे असूनही तो अपुरा ठरेल. ग्राफिक्स कार्डाची मागणी क्षणभर बरीच उसळते. त्यामुळे सुमारे ३० टक्के राखीव धरून ३३ अँपिअरचा संच निवडणे इष्ट होय.

३. मापन :
गणनाची खातरजमा मल्टिमीटरने करता येते. हार्ड डिस्कच्या मोकळ्या चार पिनांच्या जोडणीत पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची व काळी शून्य दाबाची असते. संगणक निष्क्रिय असताना व पूर्ण भाराखाली, अशी दोन मापने घ्यावीत. मान्य विचलन ५ टक्के असल्याने १२ व्होल्टचे मूल्य ११.४० ते १२.६० व ५ व्होल्टचे ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत राहिले पाहिजे. भार वाढताच दाब या मर्यादेखाली गेल्यास संच अपुरा किंवा जीर्ण समजावा. तथापि दाबातील सूक्ष्म तरंग मल्टिमीटरला दिसत नाहीत. १२ व्होल्टवर त्यांची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे. त्यासाठी भौतिकशास्त्र विभागातील ऑसिलोस्कोप उपयोगी पडतो. मात्र संचाचे आवरण कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

निष्कर्ष :
केवळ वॅटसंख्या पाहून एसएमपीएसची पर्याप्तता ठरत नाही. खरेदीसाठी दरपत्रके मागविताना १२ व्होल्टवरील किमान अँपिअर स्पष्टपणे नमूद केल्यास स्वस्त परंतु अपुरे संच आपोआप वगळले जातील. अकस्मात वीज तुटल्याने विद्यार्थ्यांचे काम व हार्ड डिस्कवरील माहिती नष्ट होण्याचा धोकाही त्यामुळे कमी होईल.