बोंडअळी: योगायोग की निवड?

परवा यवतमाळकडे कपाशीचं बोंड फोडलं. आत किडकी सरकी, पिवळट रुई आणि गुलाबी अळी. पुतण्या म्हणाला, “काका, बीटीतही अळी? म्हणजे अळी उत्क्रांत झाली. पण उत्क्रांती म्हणजे नुसता योगायोगच ना?”

अर्धंच खरं.

जनुकातला बदल योगायोगाने होतो. अळीला गरज आहे म्हणून तो होत नाही.

पुढची निवड मात्र आंधळी नसते. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी; शिवारभर तेच विष. साध्या अळ्या मेल्या, बदलवाल्या तगल्या, त्यांचीच पैदास वाढली. २००६ चं दोन जनुकांचं बियाणंही पुढे पुरलं नाही.

म्हणूनच कडेला बिगर-बीटी ओळी लावायच्या. तिथले साधे पतंग तगलेल्यांशी जुळले की पुढच्या पिढीतला प्रतिकार मंदावतो.