रबराचे रान

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या जांबी प्रांतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शेतकरी जंगल तोडून, जाळून भात पेरत आणि त्यातच मूळच्या ब्राझीलच्या रबराची रोपे लावत. भाताची एक-दोन पिके निघाली की रान पुन्हा माजू देत. काही वर्षांत चीक देणाऱ्या रबराभोवती फळझाडे, वेत, इमारती लाकूड असे दाट रान उभे राही. मूळ जंगलाइतक्या पक्ष्यांच्या जाती त्यात नसतात, कार्बनही कमी साठतो. पण तेलताडाच्या एकसुरी मळ्यापेक्षा दोन्ही कितीतरी जास्त! मात्र तेलताड हेक्टरी अधिक पैसा देतो, म्हणून ही राने तुटत गेली. रान राखणाऱ्याला त्याचा मोबदला मिळत नसेल, तर ते तोडल्याचा दोष त्याला देणे अन्यायाचे आहे.