बत्तीस वर्षांनी पुरं झालेलं चित्र

कागद संपला की चित्र संपलं, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या चार्ल्स बर्चफिल्डने मात्र १९१८ मध्ये सुरू केलेलं ‘सन अँड रॉक्स’ हे जलरंगातलं चित्र पुरं केलं १९५० मध्ये!

बर्चफिल्ड ओहायो राज्यातल्या सेलम या छोट्या गावात वाढला. १९१७ साली, ऐन चोविशीत, तो झपाटल्यासारखा चित्रं काढत सुटला. त्यातलं ‘द इन्सेक्ट कोरस’ पाहा. उन्हाळा सरत आलाय, घराभोवती झाडी दाटलीय, माणूस एकही नाही. आणि पानापानांतून, गवतातून नागमोडी, बाकदार, करवतीच्या दातांसारख्या रेघा उसळताहेत. या रेघा म्हणजे किड्यांची किरकिर! आवाज कसा दिसतो, हे त्याने कागदावर मांडलं होतं. भीती, खिन्नता अशा मनःस्थितींसाठीही त्याने त्या वर्षी ठरावीक आकार शोधून काढले होते.

१९२१ मध्ये तो बफेलो शहरात एम. एच. बर्ज अँड सन्स या वॉलपेपर बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर म्हणून लागला. एकच नक्षी पुन्हा पुन्हा येणार, पट्टीला पट्टी जोडली जाणार, पण सांधा डोळ्यांना खुपता कामा नये, असं ते काम. आठ वर्षांनी, घरात लहान मुलं असताना, त्याने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ चित्रकार झाला.

खरी नवलाई पुढे आहे. पन्नाशीला आल्यावर त्याला नवी वाट हवी होती, आणि ती सापडली स्वतःच्याच तरुणपणच्या चित्रांत. जुनं चित्र बाहेर काढायचं, त्याच्या कडांना नवे कागद जोडायचे आणि झाडं, ऊन, आकाश तिथून पुढे वाढू द्यायचं. सांधे जिरवण्याची ती नजर त्याला वॉलपेपरनेच दिली असणार, असं मला ठामपणे वाटतं. ती आठ वर्षं वाया गेली नव्हती.

यात जलरंगाचाही वाटा आहे. या रंगाची पूड कागदाला धरून ठेवतो तो बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक. तैलरंगातलं तेल एकदा घट्ट झालं की पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. डिंक मात्र पाणी लागताच पुन्हा सैल होतो. म्हणून वर्षानुवर्षं सुकलेल्या जलरंगावरून ओला कुंचला फिरवला, तर जुना रंग हलतो आणि नव्यात मिसळू शकतो. पंचविशीतल्या हाताने लावलेला रंग पन्नाशीतल्या हाताला अजून प्रतिसाद देऊ शकतो, केवढी विलक्षण गोष्ट आहे ही!

तुमच्या माळ्यावर शाळा-कॉलेजातलं एखादं अर्धवट जलरंगचित्र पडलं असेल, तर कृपा करून ते रद्दीत घालू नका. खाली काढा आणि शेजारी एक कोरा कागद ठेवून पाहा.