पाकिटावरचे सत्तर टक्के आणि तापलेला वाफा

मे-जूनमध्ये पारनेर, राहुरी, श्रीगोंदा भागात खरीप कांद्याची रोपे टाकली जातात. मग एखाद्या गावातून तक्रार येते: बी निम्मेही उगवले नाही, दुकानदाराने फसवले. कधी ते खरेही असते. पण आधी वाफ्यातल्या मातीला हात लावून पाहावा.

प्रमाणित कांदा बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी, असा नियम आहे. ती मोजली जाते प्रयोगशाळेत, १५ ते २० अंश सेल्सिअसला. शेवटची मोजणी बाराव्या दिवशी. आपल्याकडे मेअखेर हवाच चाळिशीच्या आसपास असते. उघड्या वाफ्याचा वरचा थर दुपारी त्याहून तापतो आणि बी नेमके त्याच थरात असते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेली आकडेवारी आजही वापरली जाते. कांद्याचे रोप २५ ते ३० अंशांना चार दिवसांत वर येते, ३५ ला १३ दिवस लागतात आणि सतत ४० अंश असल्यास येतच नाही. बी पाणी पिऊन फुगते, पण फार उष्णतेत पेशींची आवरणे व विकरे बिघडतात. कोंब अडतो आणि ओले बी कुजते. भेंडीचे उलटे. तिला ३५ अंशांना सहा दिवस पुरतात, १५ ला मात्र २७ लागतात. टोमॅटो २५ अंशांना सहा दिवसांत उगवतो आणि दहा अंशांना त्रेचाळीस! थंडीत टोमॅटोचे बी ‘मेले’ म्हणून वाफा मोडण्याची घाई म्हणूनच महागात पडते.

कांद्याचा वाफा संध्याकाळी टाकावा, वर वाळलेले गवत किंवा ओले बारदान पसरावे, सकाळ-संध्याकाळ हलके पाणी द्यावे. कोंब दिसताच आच्छादन काढावे. एक दिवस उशीर झाला तरी रोपे पिवळी, लांबुडकी होतात. शेडनेट असेल तर उत्तमच.

पेरणीआधी शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात आणि घरात माठाजवळ ठेवाव्यात. फडके सुकू देऊ नये. बारा दिवसांत तिथे सत्तरच्या आसपास मोड आले आणि वाफ्यात नाहीत, तर दोष बहुधा उन्हाचा. माठाजवळही वीस-पंचवीसच आले, तर पाकीट, त्यावरचे लेबल, पावती आणि उरलेले बी जपून ठेवून कृषी विभागाकडे लेखी तक्रार करावी.