सायंकाळचे व सुटीच्या दिवसांचे विशेष वर्ग

महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस वेळापत्रकानें बांधलेला असतो. कोणता विषय, किती तास व कोणतीं पुस्तकें, हें सारें विद्यापीठानें आधींच ठरविलेलें असतें. ही व्यवस्था आवश्यकच आहे. परंतु तिच्यामुळें कित्येक उपयुक्त विषय वेळापत्रकाबाहेर राहतात. अशा एखाद्या विषयाचें थोडक्यांत पण नेटकें शिक्षण देण्यासाठीं सायंकाळीं किंवा शनिवारी-रविवारीं जे वर्ग भरतात, त्यांस विशेष वर्ग म्हणतात. शाळा संपवून पुढें पुण्यास जाऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं त्यांची माहिती करून घेणें हिताचें आहे.

दिवसाचें काम आटोपल्यावर विद्या संपादन करण्याची चाल आपल्याकडे नवी नव्हे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठीं रात्रीची शाळा काढली. १८७५ सालीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, व विद्वानांचे विचार नगरवासीयांच्या कानीं पडूं लागले. त्याच सुमारास, म्हणजे १८७३ पासून, इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठानेंहि आपल्या भिंतींबाहेर व्याख्यानें देण्यास आरंभ केला होता. पुढें १९४६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय काढलें, तेव्हां नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांच्या सोईसाठीं तेथील वर्ग सकाळीं ठेवण्यांत आले. विद्यार्थ्यानें वेळेस शरण जाण्यापेक्षां वेळच विद्यार्थ्याच्या सोईनें बेतावी, हें तत्त्व या सर्वांच्या मुळाशीं आहे.

आतां या वर्गांची रचना पाहूं. हल्लीं विद्यापीठांतील अभ्यास श्रेयांकांनीं, म्हणजेच क्रेडिटांनीं, मोजतात. व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, असा सामान्य हिशेब आहे. प्रत्यक्ष कामाचे मात्र तीस तास धरतात. दोन श्रेयांकांचा व्याख्यानवर्ग घेतला तर तीस तास झाले. आठवड्यांतून दोन सायंकाळीं दीड-दीड तास बसल्यास तो दहा आठवड्यांत पुरा होतो. शनिवारीं व रविवारीं पांच-पांच तास बसल्यास तीन आठवडे पुरतात.

तास सारखेच असले तरी दोन्हींचा गुण सारखा नाहीं. भाषा किंवा लिपि शिकावयाची असेल तर सायंकाळचा वर्ग बरा. कारण शिकलेलें मुरण्यास व हात बसण्यास मध्यें दिवस जावे लागतात. उलट ज्या विषयांत प्रत्यक्ष स्थळीं जाऊन पाहणी करावयाची, त्यास सलग दिवस हवे. गडावरील पाण्याच्या टाक्यांचें मोजमाप दीड तासाच्या वर्गांत होत नाहीं.

हें सांगतांना भोर-वेल्हे भागांतील पाली गांवाची आठवण होणें साहजिक आहे. हें गांव राजगडाच्या पायथ्याशीं असून गडाचा पाली दरवाजा त्याच्याच नांवानें ओळखला जातो. येथील मुलगा पुण्यास जाऊन वाणिज्याची अगर विज्ञानाची पदवी घेईल. पण ज्या गडाच्या सावलींत तो वाढला, त्या काळचा कागद हातीं आला तर त्यास वाचतां येईल काय? तो कागद बहुधा मोडींत असावयाचा. मोडींत आधीं पानभर रेघ ओढून तिच्याखालीं शक्यतों लेखणी न उचलतां अक्षरें लिहीत. शब्द निरनिराळे तोडीत नसत, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदहि पाळीत नसत. म्हणून देवनागरी उत्तम जाणणारासहि ती आपोआप उलगडत नाहीं.

पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दफ्तराचे असंख्य मोडी कागद जपून ठेविले आहेत. अनेक जुन्या घरांतहि जमिनीचे व देण्याघेण्याचे कागद पेटींत पडून असतात. ते वाचणारें माणूस घरांत नसेल तर आपल्याच पूर्वजांचें म्हणणें परक्याच्या तोंडून ऐकावें लागतें, व तो सांगेल तें खरें मानावें लागतें. सामान्य पदवीच्या अभ्यासांत मोडीस जागा नाहीं. ती शिकविण्याचें काम असे विशेष वर्गच करितात. १९१० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें मोडीचे वर्ग चालविले आहेत. परभाषेची आवड असणारासाठीं फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतींत विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे.

पालकांच्या मनांत दोन शंका येतात. पहिली, यानें मुख्य अभ्यास बुडेल काय? एका सत्रांत एकच विशेष वर्ग घेतल्यास व परीक्षेचे दिवस टाळल्यास तसें होण्याचें कारण नाहीं. दुसरी, मुलामुलींनीं, विशेषतः मुलींनीं, सायंकाळीं बाहेर राहावें काय? वसतिगृहाचें दार केव्हां बंद होतें व परतीची गाडी केव्हां आहे, हें आधीं पाहावें. अडचण वाटल्यास सुटीच्या दिवसांचा वर्ग निवडावा. केवळ अडचण आहे म्हणून मुलीची विद्या अडवूं नये.

नांव घालण्यापूर्वीं चार गोष्टी विचाराव्या: शिकविणारे त्या विषयाचे जाणते आहेत काय, एकंदर तास किती, शुल्क किती, आणि शेवटीं श्रेयांक मिळतात कीं नुसतें प्रमाणपत्र. श्रेयांक देणारा प्रत्येक वर्ग आपल्या पदवींत धरला जाईलच असें नाहीं, म्हणून ही गोष्ट आपल्या महाविद्यालयांत विचारून घ्यावी.

मात्र प्रमाणपत्राच्या लोभानें वर्गामागून वर्ग करीत सुटणें व्यर्थ होय. सक्तीच्या अभ्यासावरून परीक्षकास विद्यार्थ्याची योग्यता कळते. पण आपल्या मोकळ्या वेळांत त्यानें काय शिकावयाचें ठरविलें, यावरून त्याची आवड कळते. ती आवड ओळखून तिला वळण लावण्याचें काम विद्यार्थ्यानें शाळेंत असतांनाच आरंभावें, म्हणजे पुढें संधि आली असतां ती वाया जाणार नाहीं.